कवीला विचारायचं नाही!

कीर्तनात बुवा एकच ओळ धरतात आणि उलटीसुलटी करून तिच्यातून अख्खा संसार बाहेर काढतात. ते ऐकतच मी लहानाची मोठी झाले. तेव्हा सातवीच्या मुलांना कविता उलगडायला शिकवणं म्हणजे माझ्या हातचा मळ!

आमच्या मुख्याध्यापिकांना, म्हणजे मोठ्या बाईंना, मी हे ठणकावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी मागे बसून बघते. मुलं पाठ केलेली उत्तरंच देणार असतील, तर हा वाचनाचा तास गणिताला देऊन टाकू."

गणिताचे सर तर कंपास घेऊन तयारच होते!

मग मी युक्ती केली. माझीच एक कविता काढली आणि नाव न घालता फळ्यावर लिहिली. अर्थ मला ठाऊक, मग गाडी घसरेलच कशी?

देवा, तुझे उपकार किती!
जाग येता ऊन अंगणी,
तापले पाणी, घडीची वस्त्रे,
वाफाळता पेला हाती.

"अर्थ ओळीतच शोधायचा," मी बजावलं. "कवीला विचारायला जायचं नाही!"

पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीचा हात वर. "बाई, ऊन देवाने दिलं, कबूल. पाणी कुणी तापवलं?"

"अगं, देवानेच की!"

"ओळीत दाखवा!"

वर्ग खदखदून हसला. मागे मोठ्या बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

"आणि जाग येते तेव्हा ऊन अंगणात पोचलंय," खिडकीजवळची बडबडी म्हणाली. "म्हणजे कवी आळशी आहे!"

"राजा असेल."

"राजा असता तर पेला सोन्याचा लिहिला असता! साधाच माणूस आहे. घरात कुणीतरी त्याच्यासाठी राबतंय आणि याला ते दिसतच नाही!"

"अरे, भक्त आहे तो!" मी कळवळून ओरडले. "त्याच्या मनात तसं काही नाही!"

"तुम्हाला कसं माहीत, बाई? कवीला विचारायचं नाही ना?"

झालं! आपल्याच दाव्यात पाय अडकलेल्या शेळीसारखी मी फळ्यापाशी उभी. इकडे वर्गात दोन तट पडले. राबणारी आई की बायको? पुरावा कुठे? प्रत्येक शब्द पिळून निघाला. घंटा झाली तरी कुणी उठेना!

मोठ्या बाई पुढे आल्या. "तास वाचनाचाच राहील. मुलं स्वतःच्या डोक्याने बोलतायत. पण बाई, हा कवी कोण हो?"

"आहे एक... पन्नाशीचा," मी फळा पुसत म्हणाले.

घरी येताना वाटभर देवाचे आभार मानत होते. कीर्तनाला जाऊन जे कधी उमगलं नाही, ते सांगायला त्याने एवढे बुवा एका वर्गात बसवले! दारातूनच शिलाई मशीनची घरघर ऐकू आली. आमचे हे शिंपी. पहाटे उठून पाणी तापवणारे हेच, घड्या घालणारे हेच, अंथरुणात माझ्या हातात चहाचा पेला देणारेही हेच. आणि कविता देवाला!

माझे डोळे भरून आले. "अहो, तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर."

मशीन थांबलं. "काय म्हणालीस?"

"पाण्याबद्दल, घड्यांबद्दल, चहाबद्दल... सगळ्याबद्दल."

त्यांनी दातांतली सुई काढली, चष्मा कपाळावर चढवला आणि मला पायापासून डोक्यापर्यंत वाचलं.

"इतक्या वर्षांत नाही ते आज. तेही एका दमात. डोळ्यांत पाणी." मान डोलावून म्हणाले, "तुझी आई राहायला येतेय. किती दिवस?"

देवाशपथ सांगते, आईला मी येत्या रविवारी राहायला बोलावलं होतं हे खरं. पण ते ओळीत नव्हतं हो!