फलाट क्रमांक एकवरून थेट

सर्व वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते, की वांग्याची भाजी नियोजित वेळेपेक्षा दहा मिनिटे उशिरा धावत असून लवकरच कढईतून ताटात येत आहे. जेवणाऱ्यांनी आपापल्या पाटावर तयार राहावे.

ही घोषणा माझी नाही. ती रोज भिंतीपलीकडून येते. पलीकडे गुलाबकाका राहतात. देवळीच्या बसस्थानकावर गाड्या पुकारण्यात त्यांची अख्खी नोकरी गेली. निवृत्तीत माइक सुटला, पुकारा सुटला नाही. लग्नाच्या पंगतीत त्यांनी जिलबीचं आगमन जाहीर केलंय. एकदा आंघोळीला जाताना 'गाडी वीस मिनिटे थांबेल' असं सांगून गेले, तर बाहेर पाहुणा खरोखर घड्याळाकडे बघत बसला.

पूर्वी अशा प्रत्येक घोषणेला स्वयंपाकघरातून शांताकाकूंचा टोला यायचा. गाडी फेल आहे, भाजी केलीच नाही, वगैरे. मग काका हसायचे ते आमच्या अंगणात ऐकू यायचं. दोन वर्षांपासून काकूंना ऐकू येईनासं झालं. कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून त्यांनी ते लवंगांच्या डबीत ठेवून दिलं. आता काका कितीही ओरडले तरी काकू त्यांच्या ओठांकडे बघतात, अंदाजाने मान हलवतात आणि चहा मागितला की टॉवेल आणून देतात. काका टॉवेल घेतात आणि तसेच बसून राहतात. टोले बंद, हसणं बंद.

गेल्या महिन्यात काकांनी एक यूएसबी माइक मागवला. सोबत गादीसारखे मऊ, भलेमोठे हेडफोन. मी शाळेत संगणक शिकवतो, त्यामुळे गल्लीतल्या प्रत्येक वायरीचं बारसं माझ्याच हातून होतं. मला बोलावणं आलं.

"मास्तर, इकडे बोललो का तिकडे कानात आलं पाह्यजे," एवढीच त्यांची मागणी. कशासाठी, विचारलं तर म्हणाले, सरावासाठी.

मी माइक त्यांच्या जुन्या लॅपटॉपला जोडला, हेडफोन लॅपटॉपला लावला, माइकचा आवाज ऐकू येईल अशी सोय चालू केली. काकांनी हेडफोन चढवला, छाती भरली आणि 'रोहणा' हे गाव पुकारलं. मग थांबले. क्षणभराने त्यांच्या कानात रोहणा आलं. आवाज उशिरा येत होता. मी ओशाळलो, काका मात्र खूश. स्थानकावरच्या भोंग्याचा आवाज समोरच्या कापूस जिनिंगच्या कारखान्याच्या भिंतीवर आपटून परत यायचा, म्हणून प्रत्येक गावानंतर थांबायची त्यांना जन्माची सवय. परतीची गाडी आल्याशिवाय पुढची सोडायची नाही, हा त्यांचा नियम. अर्धा तास ते गावं पुकारत होते आणि दर वेळी अदबीने स्वतःची वाट बघत होते. काकूंनी मला टॉवेल आणून दिला.

दुसऱ्या दिवशी काका माझ्या ओट्यावर. चेहरा उतरलेला.

"नाई जमत, मास्तर. तोंड पयले पोचते अन् आवाज मांगून येते."

बोलताना स्वतःचं तोंड कोण बघतं, मी विचारलं. माइक परत करायचा उद्या शेवटचा दिवस आहे, एवढंच काका म्हणाले.

त्यांच्या घरी जाऊन मी टेबलावरचा माइक उलटा केला आणि माझीच मला लाज वाटली. बुडाशी हेडफोनचं भोक होतं, शेजारी आवाजाची कळ. मी काकांना समजावलं: काल आवाज लॅपटॉपमध्ये जाऊन, फिरून येत होता, इथे लावला की माइकमधून सरळ कानात.

"म्हंजे कालची व्हाया पुलगाव होती," काकांचे डोळे चमकले. "अन् हे विनाथांबा."

कळ पूर्ण फिरवा म्हणाले. कान फुटतील, मी बजावलं.

"माहे नाई फुटत," म्हणत ते हेडफोन घेऊन स्वयंपाकघराकडे निघाले. वायर लगेच ताणली. मग काकांनी टेबलच ओढलं. मागे लॅपटॉप कडेवर घेऊन मी. अशी आमची वरात मेथी निवडणाऱ्या काकूंपुढे जाऊन थांबली.

काकांनी काकूंचा पदर नीट केला आणि हेडफोन त्यांच्या डोक्यावर बसवला. काकू ओठांकडे बघू लागल्या. जन्मभर हजारो माणसांना पुकारणारा हा गृहस्थ, पण आज उगाच माइक पुढे-मागे सरकवत बसला. दोनदा घसा खाकरला. मग चुकलेल्या प्रवाशासाठी करायचे, ती जुनी घोषणा त्यांनी खणखणीत आवाजात केली:

"शांताबाई गुलाबराव, जिथे असतील तिथून त्यांनी ताबडतोब नियंत्रण कक्षाजवळ यावे. त्यांचे यजमान दोन वर्षांपासून त्यांची वाट पाहत आहेत."

काकूंच्या हातातली मेथी खाली पडली. दोन्ही हातांनी त्यांनी हेडफोन कानांवर गच्च धरला. डोळे भरून आले, आणि भरल्या डोळ्यांनीच त्या नवऱ्यावर खेकसल्या,

"अजी, येवढ्या जोरानं काऊन बोलून राह्यले? मी का बहिरी हावो?"