कासवाचा उपास

“माझ्या हाताखालून आजवर कुणी उपाशी गेलेलं नाही,” आचारी म्हणाला आणि मुलीच्या हातातलं खोकं काढून घेतलं.

कारखान्याच्या कँटीनमध्ये तीस वर्षं तो रोज दीडशे माणसांना जेवू घालत होता. खोक्यात नुकतंच अंड्यातून निघालेलं, अक्रोडाएवढं कासवाचं पिल्लू होतं. मुलगी परगावी नोकरीला. दिवसभर त्याच्याकडे बघायला तिथे कुणी नाही, म्हणून आठवडाभरासाठी ते इथे आलं होतं.

पहिल्या दिवशी आचाऱ्याने कोवळी पानं केसासारखी बारीक चिरली. पिल्लाने त्यांच्यावर पाय दिला आणि पलीकडे गेलं. दुसऱ्या दिवशी काकडी किसली. पिल्लाने डोळे मिटून घेतले.

“अहो, असं टक लावून बसलात तर मीसुद्धा जेवणार नाही,” बायको म्हणाली.

मग तो पडद्याआड उभा राहून बघू लागला. पिल्लू पडद्याकडे बघत राहिलं.

तिसऱ्या दिवशी कँटीनमध्ये त्याचा हात चालत होता, पण चित्त खोक्यात होतं. भाजीत मीठ दोनदा पडलं. दीडशे ताटं जशीच्या तशी परत आली. मुकादम फक्त एवढंच म्हणाला, “आचारी, घरी सगळं बरं आहे ना?”

तो तडक घरी गेला, डब्याच्या झाकणाला भोकं पाडली आणि पिल्लू त्यात घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला.

“काही झालेलं नाही याला,” बाई म्हणाल्या. “अंड्यातला बलक अजून पोटात असतो. पहिले काही दिवस त्यावरच निघतात. शिदोरी घेऊनच आलंय ते. रोज थोडा वेळ कोमट पाण्यात बसवा आणि त्याच्या मागे लागू नका.”

मागे लागू नका. परतताना आचारी तेवढंच घोळवत होता. मुलीला फोन केला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, “जेवलीस का?” आणि तिचं उत्तरही ठरलेलं, “बाबा, मी सव्वीस वर्षांची आहे.” तीही शिदोरी घेऊनच गेली असेल की.

त्या संध्याकाळी त्याने फोनवर निग्रहाने हवापाण्याची चौकशी केली. पिल्लू मजेत आहे, म्हणाला.

“बाबा, काय लपवताय?”

“काही नाही गं.”

“मग जेवलीस का ते का नाही विचारलंत?”

तो समजावू लागला, तोवर फोन बंद झाला होता.

सकाळी पहिल्या गाडीने मुलगी दारात हजर. डोळे सुजलेले. ती थेट खोक्यापाशी गेली. पिल्लू एका पानाचे लचके तोडत होतं.

“काय घातलंस त्याला?” आचाऱ्याने बायकोला विचारलं.

“कुंडीतलं तण उपटलं, ते टाकलं. धुतलंसुद्धा नाही.”

आचाऱ्याने मुलीकडे बघितलं, ओठ घट्ट मिटले. विचारायचं नाही म्हणजे नाही.

शेवटी तीच म्हणाली, “बाबा, कालपासून पोटात काही नाही माझ्या.”

वाक्य संपायच्या आत तो ओट्याशी उभा होता आणि हातात सुरी होती.

“काय करू? बोल, काय करू तुला?”

“काहीही करा,” मुलगी म्हणाली. “मीठ तेवढं आईला घालू द्या. येताना मुकादम भेटले होते कारखान्याच्या फाटकापाशी.”