कळसावरची गाय

खरं बोलण्यात अख्ख्या गंगापूर रोडवर माझा हात धरणारं कुणी नाही. फक्त वेळ पाहून यावं लागतं. सकाळची पूजा आटोपल्यापासून देवाला दुपारचा नैवेद्य दाखवेपर्यंत खोटं बोलायचं नाही, असा माझा रोजचा नेम आहे. पुढे मग संसार असतो.

आमच्या आभाने मोबाइलवर खेळायचा एक गेम तयार केला. पुजारी होऊन घाटाच्या पायऱ्या उतरायच्या, गर्दी चुकवायची आणि हातातला दिवा विझू न देता गोदावरीत सोडायचा. "आई, पहिल्याच दिवशी खूप जणांनी विकत घेतला तरच तो पुढे लोकांच्या नजरेस पडेल," ती म्हणाली.

एवढंच ना? गेम बाजारात आला त्या संध्याकाळी मी भजनात विषय काढला. "मी तर आल्या आल्या घेतला. आधी घेणाऱ्याला पस्तावा व्हायचा नाही, माझा शब्द." माझा आवाज मुळात इतका बारीक, की पेटी थांबवावी लागली. पण बायकांनी ऐकलं आणि तिथल्या तिथे फोन काढले.

गेम निघाला नव्या सुनेच्या पहिल्या पुरणपोळीसारखा, जागोजागी फुटलेला. पुजारी पायऱ्या सोडून पाण्यावरून चालत पंचवटीकडे निघायचा. दिवा पाण्यात सोडला की विमानासारखा वर जायचा. आणि एक गाय देवळाच्या कळसावर उभी राहून निवांत रवंथ करायची.

"हिला खाली कसं उतरवायचं हो?" भजनातल्या राखीताई रोज विचारायच्या.

"धीर धरा, आभा बघतेय."

आभाने बघितलं. गाय उतरली, पुजारी पायऱ्यांवर आला आणि त्याच दिवशी गेम अर्ध्या किमतीत मिळू लागला.

"अगं, आधी घेणाऱ्यांचं काय?"

"आई, सगळे असंच करतात. नवीन लोक यायला नकोत?"

"पहिल्या पंगतीला करपलेला शिरा वाढायचा आणि दुसरीला साजूक तुपातला? आपल्याकडे चालतं का हे?"

आभाने कानाला हेडफोन लावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला भजनी मंडळ दारात. माझा नेम त्यांना तोंडपाठ. कुकर नुकताच चढवला होता. वरण-भात होऊन एकदा नैवेद्य दाखवला की मी सुटले असते, म्हणून "बसा, पाणी आणते" म्हणत आत जाऊन गॅस मोठा केला. मंडळाच्या प्रमुख मनीषाताई मागोमाग आल्या आणि त्यांनी तो बंदच केला.

"घाई कसली, ताई? स्वस्त होणार हे तुम्हाला आधी ठाऊक होतं?"

"नव्हतं."

खरंच नव्हतं! मला एकदम बळ आलं. आभाला बाहेर बोलावून सगळ्यांदेखत सुनावलं, "या बायकांनी मोडका खेळ पूर्ण पैसे देऊन घेतला आणि तुझं कौतुकही केलं. त्यांना त्याचा मान मिळालाच पाहिजे."

आभा विरघळली. "घाटावर त्यांच्या नावाचे दिवे लावते. कायमचे. मागाहून येणाऱ्यांना मिळणार नाहीत."

बायका खूश. मनीषाताईंनी स्वतः जाऊन गॅस पेटवला. मी मनातल्या मनात नैवेद्याचं ताट वाढायला घेतलं.

"आणि आपल्या सरोजिनीताईंचा दिवा सगळ्यात वरच्या पायरीवर," राखीताई म्हणाल्या. "त्यांनी तर आपल्या सगळ्यांच्या आधी घेतला. हो ना हो, ताई?"

मी कुकरकडे पाहिलं. नुसताच फुसफुसत होता.

"मला दिवा नको."

"पुरे तो विनय. पहिल्या दिवशी घेतलात ना?"

"काल घेतला."

"काल? म्हणजे अर्ध्या किमतीत?"

"हो."

"आई, तू?" आभाचे हेडफोन गळ्यात आले.

"भजनातून आल्यावर घेणारच होते गं. तेवढ्यात राखीताईंनी त्या गाईचा फोटो पाठवला. म्हटलं, जरा सुधारू दे."

तेव्हा कुठे कुकरची शिट्टी झाली.

मंडळाने एकमताने निकाल दिला. गाय पुन्हा कळसावर चढली आहे, पण फक्त आधी घेणाऱ्यांच्या फोनवर. माझ्या फोनवर नुसता कळस. गाईचं नाव त्यांनी सरोजिनी ठेवलंय, असं ऐकते.

तिच्याविषयी काही विचारायचं असेल तर कृपा करून दुपारनंतर या. मी तिला ओळखत नाही.