प्यो घराण्याच्या पाटीवरचा ठिपका

"काका, एकतीस वर्षं मी जहाजं रंगवली," जोंगमान म्हणाला. "पाच-पाच मजली लोखंडाच्या भिंती. समुद्राचं खारं पाणी वर्षानुवर्षं आपटलं तरी हलणार नाही असा रंग दिलाय मी. आणि ही एवढीशी फळी रंगवायला तुम्ही शहरातून माणूस बोलावणार?"

ग्युहानकाकांनी ऐकून घेतलं. प्यो घराण्यात ते सगळ्यांत वडील, चौऱ्याऐंशी वर्षांचे. त्यांचा निर्णय म्हणजे निर्णय. पण ते तो घाईने घेत नसत.

"जहाजाचं नाव चुकलं तर कंपनी बदलून घेते," शेवटी ते म्हणाले. "ही आपल्या पूर्वजांच्या घराची पाटी आहे."

"चुकायला त्यात आहे काय? अक्षरं दादानं कोरून ठेवलीत. मला फक्त घासायचं, अस्तर द्यायचं आणि रंग भरायचा."

दादाचं नाव निघालं तसे काका मऊ झाले. "बरं. कर तू. संग्रहालयानं मूळ पाटीचा फोटो दिलाय, तो पाठवू का?"

"राहू दे तुमच्या कपाटातच. रंगाचे डाग पडतील उगाच."

ती मूळ पाटी दोनशे वर्षं टेकडीच्या पायथ्याशी, घराण्याच्या स्मरणगृहाच्या दारावर टांगलेली होती. दरवर्षी दहाव्या चांद्र महिन्यात सगळे प्यो तिथे जमत, वरच्या थडग्यांतल्या पूर्वजांना नैवेद्य दाखवत आणि जमिनीला डोकं टेकवून नमस्कार करत. पण अलीकडे शेजारच्या खोऱ्यांतल्या दोन पाट्या चोरीला गेल्या. म्हणून काकांनी मूळ पाटी संग्रहालयात नेऊन दिली आणि तिच्याबरहुकूम दुसरी कोरायला जोंगसूला सांगितलं.

जोंगसू म्हणजे जोंगमानचा थोरला भाऊ. गावातला सुतार. दारं, पेट्या, देवळातल्या फळ्या, मेलेल्यांच्या शवपेट्या, सगळं त्याच्याच हातचं. धाकटा गोदीत नोकरीला गेला आणि सणालासुद्धा उगवेनासा झाला. थोरल्याने आईबापांचं केलं, पूर्वजांचं केलं आणि कधी त्याचा हिशेब मागितला नाही. जोंगमान निवृत्त होऊन गावी यायचं म्हणत होता, तेवढ्यात उन्हाळ्याच्या शेवटी यकृताच्या दुखण्याने जोंगसू गेला. पाटी कोरून झाली होती. रंग राहिला होता.

ती स्मरणगृहाला लागूनच असलेल्या भावाच्या घरी, त्याच्या कारखान्यात जुन्या रजईखाली झाकलेली होती. जोंगमानने रजई काढली आणि बराच वेळ नुसता पाहत राहिला. गिंकोच्या झाडाचं पिवळसर लाकूड, त्यात खोल कोरलेली तीन चिनी अक्षरं. त्याला ती वाचता येत नव्हती. शाळेत असताना शिकवली होती, पण तेव्हा तो नदीवर मासे धरत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पाटी अंगणात आणली, सुतारकामाच्या दोन लाकडी घोड्यांवर आडवी ठेवली आणि गोदीतून आणलेलं घासायचं मशीन चालू केलं. लाकडाचा भुसा ढगासारखा उठला आणि वाऱ्याबरोबर थेट सुनबुनवहिनीच्या चटयांवर जाऊन बसला. चटयांवर वर्षभराच्या मिरच्या वाळत होत्या.

वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. लाल मिरच्या फिक्या पिवळ्या झालेल्या तिने पाहिल्या. ती ओरडली नाही. तो तिचा स्वभावच नव्हता.

"भावोजी, गोदीत बायका मिरच्या वाळवत नसतील," ती म्हणाली.

"चुकलं वहिनी. मी पुसून देतो."

"एकेक?"

त्याने दुपारपर्यंत एकेक मिरची फडक्याने पुसली. मग मशीन गुंडाळून ठेवलं आणि पॉलिश पेपर घेऊन हाताने घासायला बसला. आधी जाड, मग मध्यम, मग इतका बारीक की नुसत्या बोटानेच घासतोय असं वाटावं. तीन दिवस गेले. हाताने घासताना लाकूड नीट कळायला लागलं. कुठे रेषा आडवी जाते, कुठे उभी, भावाने पटाशी कुठे जोरात दाबली आणि कुठे अलगद उचलली.

तिसऱ्या दिवशी त्याचं बोट एका खड्ड्यावर थांबलं. पहिल्या अक्षराच्या जरा वर, बाकी रेषांपासून सुटा, अंगठ्याच्या नखाएवढा खड्डा होता. शेजारीच लाकडाची गाठ होती. इतर कुठलीही रेष अशी एकटी पडलेली नव्हती.

त्याने वहिनीला विचारलं, "शेवटी शेवटी दादाचा हात थरथरायचा का?"

"थरथरायचा ना. चमचासुद्धा धरवत नव्हता," वहिनी म्हणाली. ती कोबी धूत होती. तिने का म्हणून विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

जोंगमानला सगळं कळलं, असं त्याला वाटलं. गाठीपाशी पटाशी घसरली. एवढ्या सुंदर कामात आजारी हाताची एक चूक राहून गेली. उद्या पाटी टांगली की सगळे मान वर करून बघणार आणि कुणीतरी म्हणणार, जोंगसूचा हात शेवटी गेला होता. तीस वर्षं भावासाठी काही केलं नाही; निदान हे झाकता येईल.

त्याने पेटीतून गोदीची पुट्टी काढली. दोन डब्यांतलं मिसळायची, जहाजाच्या पत्र्याला भरतात ती. एकदा सुकली की पत्रा फाटेल पण ती निघणार नाही. त्याने खड्डा भरला, सुकल्यावर घासून सपाट केला आणि वरून हात फिरवून पाहिला. काही कळत नव्हतं. त्या रात्री, भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच, त्याला शांत झोप लागली.

मग धूळ बसू नये म्हणून कारखान्याचं दार लावून अस्तराचा हात, पुन्हा घासणं, दुसरं अस्तर. मग काळ्या रंगाचे दोन हात, आणि शेवटी बारीक कुंचल्याने अक्षरांच्या खाचेत पांढरा रंग. पाटी अशी झाली की काका बघायला आले तेव्हा त्यांनी चष्माही काढला नाही खिशातून. "शाब्बास," एवढंच म्हणाले. जोंगमानला तेवढं पुरे होतं.

नैवेद्याच्या दिवशी लख्ख ऊन होतं. सदतीस पुरुष पांढरे झगे आणि घोड्याच्या केसांच्या काळ्या टोप्या घालून अंगणात उभे होते. पाटी दारावर चढली होती. काकांनी भाषण केलं.

"ही अक्षरं बघा," ते म्हणाले. "आपल्या पूर्वजांच्या हातची. जोंगसूनं कोरली, जोंगमाननं रंगवली. कुठे काही कमी नाही, कुठे काही जास्त नाही. जोवर ही अक्षरं वाचणारे आपण आहोत, तोवर हे घराणं आहे."

सदतीस जणांनी मान वर करून अक्षरं वाचली आणि गंभीरपणे मान हलवली. जोंगमानचा ऊर भरून आला.

त्याच वेळी सुनबुनवहिनी तांदळाच्या वड्यांचं ताट घेऊन स्वयंपाकघरातून आली. पाटीकडे पाहून ती जागच्या जागी थांबली.

"भावोजी," ती हळूच म्हणाली, "डोक्यावरचा ठिपका कुठे गेला?"

"कसला ठिपका?"

"पहिल्या अक्षरावरचा. होता ना तिथे."

ती हळूच बोलली तरी अंगण शांत होतं, सगळ्यांनी ऐकलं. काका वळले. "सूनबाई, तुला ही अक्षरं वाचता येतात?"

"नाही काका. मला आपली साधी लिपीच येते."

"मग?"

"वाचता येत नाही. पण ठिपका होता."

काकांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला. बराच वेळ ते वर पाहत होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या हळूहळू लाल झाल्या.

"ठिपका असला की ते अक्षर 'अखंड'," ते कुणाकडेही न बघता म्हणाले. "अखंड स्मरणाचं घर. योंग-सा-जे. ठिपका नसला की ते 'पाणी'. सु-सा-जे."

मागच्या रांगेत काकांचा आणखी एक पुतण्या देसोप उभा होता. पोलीस खात्यातून नुकताच निवृत्त झालेला. "काका, बोलताना सुसा म्हणजे पोलिसांचा तपास ना?" तो म्हणाला. "म्हणजे हे तपासघर झालं. पस्तीस वर्षं ठाण्यात काढून सुटलो, आणि आता नैवेद्यालाही ठाण्यातच."

दोघातिघांनी झग्याच्या बाहीत तोंड लपवलं. काकांनी पाहिलं, तसे ते हसणारे खोकू लागले. बाकी सगळे अंगणातल्या फरशीकडे बघत होते. सकाळपासून सगळ्यांनी वाचून झालेली पाटी आता कुणालाच वाचायची नव्हती.

"ठिपका होता," जोंगमान म्हणाला. "मी बुजवला. मला वाटलं, दादाचा हात घसरला. लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून बुजवला."

देसोपने टोपी सारखी केली. कुणीतरी सुचवलं की आज असंच उरकावं, पुढच्या वर्षी बघू. पूर्वजांना आपलं घर ठाऊकच आहे. काकांनी नकारार्थी मान हलवली.

"मी आत्ताच इथे उभा राहून म्हणालो की आम्ही वाचणारे आहोत," ते म्हणाले. "पाटी खाली घ्या."

पाटी खाली आली. वहिनीने कारखान्यातून नवऱ्याची बारीक पटाशी आणली आणि जोंगमानच्या हातात दिली. त्याने लाकडी मोगरीने अलगद ठोकलं. पुट्टीवर ओरखडाही उठला नाही. जरा जोरात ठोकलं, तर पटाशीच्या धारेचा टवका उडाला.

"कसली भरलीयेस?" देसोपने विचारलं.

"जहाजाची."

"निघते का?"

"निघू नये म्हणूनच बनवलेली असते." जोंगमानने कपाळावरचा घाम पुसला. मग त्याला गोदीतली युक्ती आठवली. "गरम केली तर मऊ पडेल. वहिनी, केस वाळवायचं मशीन आहे?"

असं ते काम सुरू झालं. आतल्या खोलीतून वायर ओढून आणली, ती पुरेना म्हणून दुसरी जोडली. जोडलेली जागा सुटू नये म्हणून काका स्वतः ती दोन्ही हातांनी धरून पायरीवर बसले. डोक्यावर उंच टोपी, अंगावर पांढरा झगा आणि मांडीवर लाल वायर. देसोपने पाटी दाबून धरली. जोंगमान एका हाताने गरम हवा सोडत होता आणि दुसऱ्या हाताने कोरत होता. कडेचा काळा रंग फुगला. तासभर काहीच हललं नाही. पूर्वजांसाठी मांडलेलं गोमांसाचं सूप निवलं, बायकांनी ते आत नेऊन गरम केलं, पुन्हा मांडलं, पुन्हा निवलं.

दुसऱ्या तासाला पुट्टी एकदम निघाली, अख्खी. जोंगमानच्या तळहातावर पडली ती थेट थेंबाच्या आकाराची होती. एक टोक बारीक, एक गोल. त्याने खाचेत बघितलं. तळाशी भावाच्या पटाशीचे तीन घाव होते. नीट एकाशेजारी एक, तिरके, स्वच्छ. हात घसरल्याची खूण कुठेही नव्हती.

चमचाही न पेलणाऱ्या हाताने हे घाव घातले होते, आणि जोंगमानने ते चूक म्हणून बुजवले होते. तो तसाच खाली बघत बसला. कुणी घाई केली नाही.

"रंग भर," काका शेवटी म्हणाले. "वायर धरून माझे हात दुखतायत."

नैवेद्य दुपार कलल्यावर सुरू झाला. पाटीवर एक नवा पांढरा ठिपका होता, भोवती काळ्या रंगाचे दोन फुगवटे. सदतीस पुरुष त्याखाली वाकले. डोकं जमिनीला टेकलेलं असताना जोंगमानने पूर्वजांना काही मागितलं नाही. फक्त भावाचं नाव घेतलं.

जेवणं झाली, लोक पांगले. जोंगमान वहिनीच्या घरामागच्या अंगणात हात धूत होता. तिथे झाडाखाली सोयाच्या सॉसचे मोठे रांजण ओळीने मांडलेले होते.

"वहिनी, मी माफी मागायला हवी," तो म्हणाला. "तुम्ही नसता तर वर्षानुवर्षं तसंच राहिलं असतं. तुम्हाला वाचता येत नाही, तरी कसं कळलं?"

वहिनीने आजूबाजूला कुणी नाही असं पाहिलं. मग शेवटच्या रांजणावरचा दगड बाजूला ठेवला आणि झाकण उचलून त्याच्यापुढे उलटं धरलं.

गिंकोच्या लाकडाची फळी. त्यावर तीच तीन अक्षरं, खोल, सुबक. पहिल्या अक्षरावर ठिपका नव्हता.

"ही आधीची," ती म्हणाली. "यांनी वसंतात केली. तीन आठवडे लागले. मी झाडायला गेले, मूळ पाटीवरून उतरवलेला कागद आणि ही फळी शेजारी शेजारी पाहिली आणि म्हटलं, हा ठिपका राहिला का? हे बघतात तर खरंच राहिला. वर घालायला जागाही ठेवली नव्हती. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग नवी फळी घेतली आणि आधी ठिपका कोरला, मग बाकीचं. मला म्हणाले, कुणाला सांगू नकोस. धाकट्याला तर नकोच. तो हसेल."

जोंगमान हसला नाही. त्याने फळी हातात घेतली आणि पहिल्या अक्षराच्या वर, जिथे जागा उरली नव्हती, तिथे अंगठा ठेवला.

"भावोजी," वहिनी म्हणाली, "झाकण ठेवा आता. पानं पडतायत आत."