दिनकरकाकांचं फॉस्फेटेज

आमच्या गल्लीत कोणाच्याही अंगणातली गुळवेल तोडायला दिनकरकाका परवानगी मागत नाहीत. सकाळी फाटक वाजतं, आपण तोंडात ब्रश धरून बाहेर येतो, तर काका आपल्याच कडुनिंबाखाली विळा घेऊन उभे. "चहा नको, वेल तोडून राह्यलो," म्हणतात आणि तोडतात. गंमत अशी, की मेहकरच्या आमच्या या भागात झाडोझाडी ती वेल लावली कोणी? यांनीच.

काका एसटीतले निवृत्त कंट्रोलर. आवाज असा, की घरात बोलले तरी चिखली गाडीचे प्रवासी पिशव्या उचलतील. कोरोनात त्यांना काढ्याचं वेड लागलं. पातेलंभर गुळवेल उकळून दारोदार वाटायचे. "प्रतिकारशक्ती वाढवा बाप्पा, जेवढी वाढंल तेवढी चांगली." ग्लास रिकामा होईपर्यंत समोरून हलायचे नाहीत. मी ते कडूजहर पाणी प्यायलोय, म्हणून मला बोलायचा हक्क आहे.

मग त्यांच्या बायकोचे, शोभाकाकूंचे, सांधे सुजायला लागले. उन्हात गेलं की गाल लाल व्हायचे. काकांनी स्वतःच निदान केलं: शक्ती कमी पडली. काढा दुप्पट. काकू तोंड वाकडं करून पीत राहिल्या आणि पायांवर सूज चढत गेली. शेवटी संभाजीनगरला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा ल्युपस. शक्ती कमी नाही, ती आवरतच नाही. स्वतःच्याच शरीरावर उठलीय, किडनीपर्यंत पोचलीय. काढा बंद. "काढ्यानंच वाढलं का?" काकांनी विचारलं. बाई म्हणाल्या, तसं नक्की सांगता येत नाही. काकांना नेमकं तेच सोसलं नाही.

तेव्हापासून त्यांनी दारोदार स्वतःच लावलेली वेल तोडायला घेतली, आणि फॉस्फेटेज धरलं. कुठून कुठून वाचून काढलं, आणि आता लग्नाच्या पंगतीतसुद्धा तेच. "पेशीतल्या प्रोटीनवर फॉस्फेट चिकटते, का समज हुकूम सुटला. अन् फॉस्फेटेज ते फॉस्फेट काढून टाकते. हा जिलबी वाढून राह्यला ना, हा आग्रह. त्याले पुरे म्हणणारा हात, ते फॉस्फेटेज. ल्युपसमंदी रोगाशी लढणाऱ्या पेशीत याचाच घोळ होते. एखादं कमी पडते, एखादं भलत्याच जागी जास्त चालते."

"मंग त्याची गोळी देत काऊन नाही?" शेजारचा विचारतो.

"शोधून राह्यले लोक," म्हणत काका पानावर हात आडवा धरतात, तो असा की वाढपी घाबरून पुढच्या दोघांनाही वगळून जातो. गल्लीतली पोरं मागून त्यांना फॉस्फेटेजच म्हणतात. हसू मलाही येतं, खोटं कशाला बोलू.

पण एक गोष्ट शेजारी म्हणून मलाच दिसायची. काका काकूंना हातानं काही देत नसत. गोळी ओट्यावर काढून ठेवायची, शेजारी पाणी, आणि स्वतः अंगणात. काकू सुजल्या पायांनी भिंत धरत यायच्या. मला संताप यायचा. एकदा बोललोच, "काका, नेऊन द्यायला काय जातं?"

त्यांनी मान खाली घातली. "याच हातानं पाजलं ना रे तिले. लाज वाटते मले. तिच्या समोर ग्लास धरला का तो काढाच दिसते."

परवा दुपारी मी त्यांच्याकडे बसलो होतो. खिडकीला जाड पडदा, काकू पलंगावर, पाय पुन्हा सुजलेले. गोळीची वेळ झाली. काकांनी नेहमीप्रमाणे ओट्यावर मांडामांड केली आणि चपला शोधू लागले.

"आणून द्या," काकू म्हणाल्या.

"हा देईल." त्यांनी माझ्याकडं बोट केलं. मी उठलो.

"तू बस रे. तुमीच द्या. मी आज उठत नाही."

काका ग्लास घेऊन आले. पाणी सदऱ्यावर सांडलं. कुठं बघावं मला कळेना. काकूंनी गोळी घेतली, पण ग्लास काही स्वतःच्या हातात घेतला नाही. काकांचं मनगट धरून तळापर्यंत पाणी प्यायल्या.

"चुकलो मी, शोभा."

"तो काढा कामाचा नाही, हे मले तवाच वाटे," काकू म्हणाल्या. "तुमी एवढ्या मायेनं आणत होते, म्हणून पेत होती. जा, अजून थोडं पाणी आणा."

काका स्वयंपाकघरात गेले. माठातून ग्लास काठोकाठ भरला. मग आले, दोन्ही हातांनी ग्लास धरून.