वरच्या बाजूचं वर्तुळ

कार्यालयाच्या आधुनिकीकरणाचा भाग म्हणून प्रत्येक कर्मचाऱ्याने स्वतः प्रोग्राम लिहून संगणकाच्या पडद्यावर, वरच्या बाजूस, एक वर्तुळ काढावे, असे परिपत्रक निघाले. आम्ही कायम लोक नापास झालो असतो तर फार तर एक शेरा बसला असता. पण टंकलेखक बाई नऊ वर्षं हंगामी. पास झाल्या तर कायम, नाहीतर घरी.

शिकवणारा आलाच नाही. बाईच पुस्तक वाचून शिकल्या आणि वर आम्हा ठोंब्यांनाही शिकवलं. "दादा, इथं मोजणी वरच्या कोपऱ्यातून सुरू होते. आकडा वाढला की आकृती खाली जाते. वर हवंय ना? मग शंभर लिहा." मी शंभर लिहिलं. वर्तुळ झकास वर आलं!

परीक्षेच्या दिवशी सकाळीही सगळ्यांची वर्तुळं शंभरनं वरच आली. मग मोठ्या साहेबांनी आदर्श उत्तर बाहेर काढलं. त्यात पाचशे होतं. साहेबांनी ते घरी, शाळेतला आलेख आठवून, कागदावर सोडवलं होतं.

"साहेब, पाचशेनं वर्तुळ खाली जातं," बाई म्हणाल्या. करूनही दाखवलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

"वाढलं की खाली? असं कुठं असतं का! यंत्र बिघडलंय."

समिती बसली. आदर्श उत्तरावर सही झालेली असल्यामुळे ते चुकणं नियमात बसत नव्हतं. सबब, पडदे उलटे करावेत, असं ठरलं. शिपायानं बत्तीस पडदे उलटे करून दोरीनं बांधले. अक्षरंही उलटी झाली, पण परिपत्रकात अक्षरांचा उल्लेख नव्हता. आम्ही एकतीस जणांनी अळीमिळी गुपचिळी करत शंभरचं पाचशे केलं.

बाईंनी शंभरच ठेवलं.

"तुमचं वर्तुळ खाली दिसतंय, बाई," साहेब म्हणाले.

"अहो, पडदा उलटा आहे! दादा, सकाळी तुमचं शंभरनंच वर आलं होतं ना? सांगा की!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"सकाळी माझ्याजवळ चष्मा नव्हता," मी म्हणालो. लाज वाटली हो, खरंच वाटली.

बाईंना संध्याकाळीच कार्यमुक्त केलं. निरोपाचं भाषण मी केलं. चांगलं झालं म्हणतात.

तुम्ही म्हणाल, आम्ही असतो तर बोललो असतो. शेजारच्या कार्यालयातली अशीच एक गोष्ट ऐकून मीही अगदी हेच म्हणालो होतो.