ढिगातली अकराची हाक

मास्तरांनी घरातली बिघडलेली, बंद पडलेली सगळी उपकरणं शाळेच्या ई-कचरा पेटीत नेऊन टाकली आणि एवढी मोठी सेवा केली म्हणून घरी येऊन दोनदा चहा मागून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, "अहो, फडताळावरचा माझा जुना फोन कुठाय?"

"तो बटणांचा? दिला की. त्यात सिमकार्डसुद्धा नव्हतं!"

"त्यात माझी आई होती!"

खरंच होती. आईला जाऊन तीन वर्षं झाली होती. त्या फोनच्या गजरात बायकोने आईचाच आवाज भरून ठेवला होता आणि तो रोज अकराला बोलायचा. तेवढ्यासाठी ती फोन दर रविवारी चार्ज करायची. मास्तरांना मात्र आजवर वाटत होतं, की शेजारच्या काकू बोलतात. आता त्यांचं तोंड एवढंसं झालं.

दोघं धावतपळत शाळेत पोचले. शिपाई म्हणाला, "पेटी? सकाळीच गेली गाडीतून. तुम्हीच तर चारदा फोन करून गाडीवाल्याच्या मागे लागला होतात!"

रिक्षा करून दोघं गावाबाहेरच्या शेडवर गेले. दार उघडलं आणि दोघांची पावलं उंबऱ्यातच थबकली. बाप रे! पत्र्याला टेकलेला ढीग. पोटं सुटलेले टीव्ही, वायरींचे गुंते आणि फोन, नुसते फोन. एवढ्या माणसांनी एवढं बोलून घेतलं आणि सगळं इथं आणून टाकलं! पंधरा वर्षं 'ई-कचरा' हा धडा शिकवणाऱ्या मास्तरांनी तो आज पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला.

हातमोजे घातलेल्या मुकादमबाई पुढे आल्या. "कसा आहे फोन, ताई?"

"काळा. बटणांचा. कोपरा फुटलाय."

"इथं सगळेच काळे आणि सगळ्यांचेच कोपरे फुटलेले. आणि अकराला मशीन लागतं बघा. भुगा!"

अकराला चार मिनिटं होती.

"शाळेची पेटी तिकडं ओतलीय," बाईंनी कोपरा दाखवला. मास्तर गुडघ्यांवर बसून उपसायला लागले. मुकादमबाईही वाकल्या, आणि त्यांच्या हाताला एक चकचकीत फोन लागला. मागे नीट चिठ्ठी चिकटवलेली होती.

स्वतःसाठी वस्तू घेतली की तिच्यावर नाव आणि खरेदीचं वर्ष चिकटवायचं, ही मास्तरांची जुनी खोड. बाईंनी मोठ्याने वाचलं. मग दुसरा निघाला. तिसरा. चौथा.

"दर वर्षी एक? अहो, हे कोण गृहस्थ?"

"आमचे हेच," बायको म्हणाली. मास्तर वायरींत तोंड खुपसून शोधत राहिले.

मशीनवाल्याने बटणाकडे हात नेला. "थांबा हो!" बायको कळवळून ओरडली. "एकच मिनिट!"

शेड गप्प झाली. आणि ढिगाच्या आतून, तारांच्या खालून, एक म्हातारा खणखणीत आवाज आला, "अगं, अकरा वाजले! कामं कुठं पळून जात नाहीत. आधी दोन घास खाऊन घे!"

कुणी हललं नाही. त्या मेलेल्या यंत्रांच्या डोंगरात एक आई जिवंत होती. मशीनवाल्याने हात जोडले. मुकादमबाई भारावून ढिगाकडे बघत म्हणाल्या, "खाते हो आई, आत्ता खाते." आणि खरोखरच सगळ्यांनी मशीन बंद ठेवून डबे उघडले.

मास्तरांनी आवाजाच्या रोखाने हात घालून फोन काढला, शर्टाला पुसला आणि बायकोच्या हातात दिला. तिने तो कानाशी धरला आणि मनसोक्त रडून घेतलं. मास्तर बाजूला उभे राहून नाक ओढत होते. पुढच्या आठवड्यात नवा फोन घ्यायचं ठरलं होतं, तो विषय त्यांनी काढलाच नाही.

घरी आल्यावर बायकोने त्यांच्या टेबलावरून एक चिठ्ठी घेतली, आपल्या फोनच्या पाठीवर चिकटवली आणि नीट अक्षरात लिहिलं : 'खरेदी : बारा वर्षांपूर्वी. चालू आहे.'